स्वादुपिंडातली गाठ: कर्करोग, की कर्करोगासारखा दिसणारा आयजीजी-४ आजार?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे. पोटात अजिबात न दुखता कावीळ झाली, दोन-तीन महिन्यांत वजन उतरलं, सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ दिसली. रिपोर्टमध्ये 'कर्करोगाची दाट शक्यता' असं लिहिलं आहे आणि सर्जनने ऑपरेशन सुचवलं आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं आयजीजी-४ (प्रतिपिंडांचा एक उपप्रकार) तपासलं, ते २१० आलं. ते म्हणतात, हा कर्करोग नसून स्टिरॉइडने विरघळणारा दाह असू शकतो. मग कोणाचं ऐकायचं? आठ-पंधरा दिवस स्टिरॉइड देऊन बघायला काय हरकत आहे? आणि हे जे काही आहे ते मुलांमध्ये उतरतं का?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडचं काम रोजचं आहे, त्यामुळे हा पेच ओळखीचा आहे. सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो, कारण घाई तिथेच होते. हरकत आहे, आणि मोठी आहे. गाठीचा तुकडा तपासून होईपर्यंत स्टिरॉइड सुरू करू नका. स्टिरॉइडने बरंच काही तात्पुरतं आकसतं. लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) तर इतका आकसतो की नंतर बायोप्सी घेतली तरी निदान हाती लागत नाही. कर्करोगाच्या भोवतीची सूजही थोडी ओसरते. भूक लागते, अंगात तरतरी येते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढचा स्कॅन महिनाभर लांबतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ऑपरेशन करता येण्याजोगी अवस्था कायम टिकून राहत नाही. तो महिना परत मिळत नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात असलेल्या आजाराबद्दल. त्याचं आजचं नाव आयजीजी-४ संबंधित आजार. स्वादुपिंडात तो होतो तेव्हा त्याला ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून स्वादुपिंडाला येणारी सूज), प्रकार १ म्हणतात. १९६१ साली सार्ल्स या फ्रेंच डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंड कडक होत जाणाऱ्या आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन वाढलेल्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. दारूचा संबंध नाही, पित्ताचे खडे नाहीत, तरी स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज. 'ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस' हे नाव १९९५ मध्ये जपानमधून आलं. २००१ मध्ये हामानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ बराच वाढलेला असतो. दोन वर्षांनी कामिसावा यांनी पुढचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मांडला: आयजीजी-४ बनवणाऱ्या पेशी या रुग्णांच्या पित्तनलिकेत, लाळग्रंथीत, लसीका ग्रंथींतही सापडतात, म्हणजे हा एका अवयवाचा आजारच नाही. त्यानंतर जुन्या पुस्तकांतली कितीतरी वेगवेगळी नावं एका छताखाली आली. मिकुलिच यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेली अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींची सूज, जबड्याखालच्या ग्रंथीचा 'कुटनर ट्यूमर', थायरॉइड दगडासारखी कडक करणारा रीडेलचा आजार, महाधमनीभोवती जाड पापुद्रा धरून मूत्रवाहिन्या दाबणारी फायब्रोसिस (तंतुमय ऊतकाची वाढ). या सगळ्यांतले सगळे नाही, पण बरेच रुग्ण याच आजाराचे निघाले.

हा आजार शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो, कारण तो कर्करोगासारखाच वागतो. रुग्ण बहुतेक वेळा पन्नाशी-साठीच्या पुढचा पुरुष. वेदनेशिवाय कावीळ, वजन घटणं, अचानक मधुमेह लागणं: तिन्ही लक्षणं दोन्हीकडे. स्कॅनवर दिसणारी गाठही खरीच असते. प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि तंतुमय ऊतक तिथे दाटीवाटीने जमा झालेलं असतं, ते पित्तनलिका दाबतं. स्कॅन आकार, घनता, रक्तपुरवठा दाखवतो. पेशी कोणत्या आहेत हे तो दाखवत नाही. पेट स्कॅनने सोक्षमोक्ष लागेल असं अनेकांना वाटतं, पण पेशी ग्लुकोज किती शोषतात एवढंच तिथे कळतं, आणि चिडलेला दाहही ग्लुकोज भरपूर शोषतो. पेट 'पॉझिटिव्ह' आला म्हणून कर्करोग सिद्ध झाला, असं मानू नका.

तरीही स्कॅन काळजीपूर्वक वाचला तर खुणा सापडतात. म्हणूनच मी पहिली सूचना करतो ती ही: तोच सीटी, जमल्यास एमआरआय आणि एमआरसीपीसह (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणारा एमआरआय), स्वादुपिंडाचं काम नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला 'कर्करोग की ऑटोइम्यून?' असा थेट प्रश्न विचारून पुन्हा दाखवा. पहिल्या रिपोर्टच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. नमुनेदार ऑटोइम्यून आजारात अख्खं स्वादुपिंड फुगून सॉसेजसारखं गुळगुळीत होतं, कडेच्या नेहमीच्या खाचा पुसल्या जातात, भोवती पातळ गडद किनार दिसते आणि कॉन्ट्रास्ट उशिराच्या टप्प्यात हळूहळू भरत जातो. एवढं स्पष्ट चित्र असेल तर वादच उरत नाही. वाद होतो तो तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात, जिथे एकाच भागात गाठ आहे. अशा वेळी माझी नजर आधी स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेवर जाते. कर्करोग नलिका एका जागी चिरडतो, मग तिच्या मागचा भाग फुगतो आणि त्यापुढचं स्वादुपिंड वाळत जातं. ऑटोइम्यून आजारात नलिका लांबवर अरुंद होते, कधी दोन-तीन ठिकाणी, पण मागे फारशी फुगत नाही. ५ मिलिमीटरच्या आतच राहते. कधी तर नलिका गाठीच्या आतून बारीक का होईना, आरपार जाताना दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये 'नलिका फुगलेली, शेपटीकडचा भाग सुकलेला' असं काही लिहिलं असेल, तर मी कर्करोगाच्या बाजूने बराच झुकेन. आयजीजी-४ कितीही येवो.

दुसरी खूण स्वादुपिंडाच्या बाहेर असते. त्याच सीटीत मूत्रपिंडांमध्ये पाचरीच्या आकाराचे फिकट डाग आहेत का? महाधमनीभोवती जाडसर आवरण? पित्तनलिकेची भिंत गाठीपासून दूरही जाड झाली आहे का? जबड्याखाली दोन्ही बाजूंना न दुखणाऱ्या गाठी किंवा पापण्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याशी सूज आहे का? या गोष्टी रुग्ण सांगत नाही, कारण त्या दुखत नाहीत आणि वर्ष-दोन वर्षं तशाच असतात. दोन-चार वर्षांपूर्वीचे फोटो शेजारी ठेवून बघा, कधीकधी तिथे उत्तर असतं. दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा जुना त्रास, रक्तात इओसिनोफिल पेशी आणि आयजीई प्रतिपिंड (दोन्ही अ‍ॅलर्जीत वाढतात) वाढलेलं असणं, यांनीही संशय बळावतो. उलट सतत ३८ अंशांवर ताप असेल तर हा आजार नसण्याचीच शक्यता जास्त. संशोधनात रुग्णांचं वर्गीकरण करण्यासाठी २०१९ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून जे निकष ठरवले, त्यात तसा ताप आणि स्टिरॉइडला प्रतिसाद न मिळणं, या दोन्ही गोष्टी रुग्णाला सरळ यादीबाहेर काढतात.

आता तो २१० चा आकडा, ज्यावर तुमची आशा टेकली आहे. मोजमाप मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये धरतो. नेहमीची वरची मर्यादा १३५ ते १४० च्या आसपास असते, म्हणजे तुमचा आकडा वाढलेला आहे, पण दुप्पट नाही. हा पट्टा फसवा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे १० टक्के रुग्णांमध्येही आयजीजी-४ वाढलेलं आढळलं. दुपटीच्या वर, म्हणजे २८० च्या पुढे, मात्र फक्त १ टक्का रुग्ण होते. ऑटोइम्यून रुग्णांत वाढ होती सुमारे ७६ टक्क्यांत, दुपटीच्या वर ५३ टक्क्यांत.

हे आकडे नुसते वाचले तर वाटतं, ७६ विरुद्ध १०, म्हणजे आपली बाजू भक्कम. पण कर्करोग मुळात किती जास्त आढळतो, ते यात आलेलं नाही. कर्करोगाच्या संशयाने स्वादुपिंडाचं डोकं काढलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांत कर्करोग निघत नाही, आणि त्यांतले ढोबळमानाने दोन-तीन ऑटोइम्यून असतात. सोयीसाठी ९७ कर्करोगाचे आणि ३ ऑटोइम्यून धरा. ९७ पैकी दहाएक जणांत आयजीजी-४ वाढलेलं सापडेल, ३ पैकी दोघांत. म्हणजे वाढलेलं आयजीजी-४ घेऊन आलेल्या बारा जणांत दहाजण कर्करोगाचेच. आकडा ढोबळ आहे, तुमच्या वडिलांचा स्कॅन किंवा इतर अवयव वेगळं सांगत असतील तर तो बदलेल. पण नुसत्या २१० वर ऑपरेशन रद्द करणारा सल्ला मला मान्य नाही. आणि उलटंही खरं आहे: साधारण पाव रुग्णांत हा आजार असूनही आयजीजी-४ वाढलेलं नसतं. कधी रक्तात ते इतकं प्रचंड असतं की यंत्र खोटा कमी आकडा देतं. तसा संशय आला तर लॅबला नमुना विरळ करून पुन्हा मोजायला सांगतात. सीए १९-९ या रक्तातल्या कर्करोगाच्या मार्करवरही फार विसंबू नका. पित्त तुंबलं की तो मार्कर आपोआप चढतो, कर्करोग असो वा नसो. कावीळ उतरल्यावरची पातळी जास्त बोलकी.

तर आता करायचं ते एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. तोंडावाटे दुर्बीण जठर-आतड्यात नेऊन, आतड्याच्या भिंतीतूनच सुई गाठीत घालून तुकडा घेतात. इथे एक तपशील आग्रहाने विचारा: फक्त पेशी ओढणारी बारीक सुई वापरणार, की ऊतकाची सलग कांडी काढणारी? कर्करोग पेशींवरून ओळखता येतो, ऑटोइम्यून आजार ओळखायला ऊतकाची रचना दिसावी लागते. पॅथॉलॉजिस्ट तिथे तीन गोष्टी शोधतो: लिम्फोसाइट आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची दाट गर्दी, तंतूंची एक विशिष्ट चक्राकार वीण, आणि दाहाने बुजलेल्या लहान शिरा. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेले हे निकष आहेत. सोबत आयजीजी-४ चं रंजन करून प्लाझ्मा पेशी मोजतात; एकूण आयजीजी पेशींच्या ४० टक्क्यांहून जास्त पेशी आयजीजी-४ च्या हव्यात. नुसत्या या पेशी दिसल्या म्हणून जल्लोष नको, कर्करोगाच्या गाठीच्या कडेलाही त्या गोळा होतात. म्हणून सुईत कर्करोग सापडला तर विषय संपला, नुसता दाह सापडला तर संपला नाही. सुई गाठीच्या शेजारून गेलेली असू शकते. अशा वेळी मी बायोप्सी पुन्हा करतो. गरज पडली तर ती स्लाइड या आजाराची सवय असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. रुग्णाला नव्याने काही सोसावं लागत नाही आणि उत्तर कधीकधी बदलतं.

सर्जन चूक आहेत का? नाही. चित्र कर्करोगाचं नमुनेदार असेल आणि गाठ काढता येण्याजोगी असेल, तर आधी बायोप्सी न करता ऑपरेशनला जाणं ही मान्य पद्धत आहे. पण त्या ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा असं बरंच काढून पुन्हा जोडतात. अनुभवी केंद्रात मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असलं तरी गुंतागुंत पुष्कळांना होते, आणि काहींना नंतर मधुमेह लागतो. शंकेला जागा असताना त्याआधी आठवडाभरात एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून घेणं यात काही गमावत नाही. तारीख रद्द करू नका, ती तशीच ठेवून त्याआधी ही तपासणी बसवा. सर्जनशी बोलताना 'दुसरे डॉक्टर म्हणतात कर्करोग नाही' अशी सुरुवात केलीत तर संवाद तिथेच तुटेल. 'आयजीजी-४ वाढलेलं आहे, ऑपरेशनआधी तुकडा तपासता येईल का?' असं विचारा. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि पोटविकारतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात अशी ट्यूमर बोर्डाची बैठक तुमच्या रुग्णालयात होत असेल, तर ही केस तिथे ठेवायची विनंती करा.

कावीळ फार वाढली असेल, खाज असह्य असेल किंवा ताप-थंडी वाजून पित्तनलिकेत संसर्गाची चिन्हं असतील तर पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, म्हणजे स्टेंट, टाकावाच लागेल. पण शक्य तिथे चांगला स्कॅन स्टेंटच्या आधी करून घ्या. स्टेंटने नलिकेची भिंत स्वतःच सुजते आणि मग ती जाडी आजाराची की स्टेंटची, हे सांगणं अवघड होतं. स्टेंट टाकतानाच आतड्यात नलिका उघडते त्या तोंडाचे तुकडे घेऊन आयजीजी-४ साठी पाठवता येतात. ते निर्णायक नसतात, पण पारड्यात भर टाकतात.

मग स्टिरॉइडची चाचणी कधीच करायची नाही का? करायची, पण ती 'बघू या' म्हणून नव्हे. बायोप्सीत कर्करोग नाही, स्कॅनमध्ये किंवा इतर अवयवांत ऑटोइम्यून आजाराच्या ठोस खुणा आहेत, आणि तरी पुरावा थोडा कमी पडतो आहे, अशा निवडक रुग्णांत ती होते. प्रेडनिसोलोन शरीराच्या वजनाप्रमाणे, बहुतेकदा दिवसाला ३० ते ४० मिलिग्रॅम, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. ही तारीख औषध सुरू होण्याआधी ठरलेली हवी. खरा आजार असेल तर एवढ्यात गाठ आणि नलिकेचं अरुंदपण यात उघड फरक दिसतो, सीए १९-९ उतरतो. रुग्णाला 'बरं वाटतं' हा निकष नाही. स्कॅनमध्ये ठळक फरक नसेल तर स्टिरॉइड थांबवून कर्करोग समजून पुढे जायचं. 'थोडी लहान झाल्यासारखी वाटते' हे उत्तर मी नकार म्हणूनच धरतो.

निदान पक्कं झालंच, तर पुढचा रस्ता बराच आश्वासक आहे, पण तो दोन आठवड्यांत संपत नाही. पूर्ण मात्रा दोन ते चार आठवडे, मग हळूहळू कमी करत काही महिने. सुरुवातीआधी साखर, हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी, हाडांची काळजी. मधुमेह स्टिरॉइडमुळे वाढू शकतो, आणि काही रुग्णांत आजार शमल्यावर चक्क सुधारतोही. जेवणानंतर तेलकट, तरंगणारी शौच होत असेल तर पाचक एन्झाइमच्या गोळ्या लागतात; वजन भरून न येण्याचं हे दुर्लक्षित कारण. औषध बंद केल्यावर आजार उलटणं फार सामान्य, तीनांत एक ते निम्म्या रुग्णांपर्यंत, बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत; वरच्या पित्तनलिका किंवा अनेक अवयव आजारात सापडलेल्यांत जास्त. कधी तो स्वादुपिंडात न येता मूत्रपिंडात किंवा लाळग्रंथीत डोकं वर काढतो, म्हणून पाठपुरावा संपूर्ण शरीराचा. वारंवार उलटणाऱ्यांसाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारं औषध वापरतात. इनेबिलिझुमॅब या औषधाच्या चाचणीत १३५ रुग्णांना ५२ आठवडे पाहिलं गेलं आणि आजार उलटण्याचा धोका ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ते या आजारासाठी मंजूर केलं, खास या आजारासाठी मंजूर झालेलं तिथलं पहिलं औषध.

ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसचा प्रकार २ ही आहे. तो तरुणांत, अनेकदा आतड्याच्या दाहासोबत होतो, त्यात आयजीजी-४ वाढत नाही आणि तो क्वचित उलटतो. ६४ व्या वर्षी, वाढलेल्या आयजीजी-४ सह, तो इथे लागू होत नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. आयजीजी-४ आजार निघाला तर तो आई-वडिलांकडून मुलांकडे सरळ जाणारा आजार नाही, मुलांना रक्त तपासायची किंवा स्कॅन करायची गरज नाही. कर्करोग निघाला तर मात्र वेगळं: स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची, कुटुंबात आधी कोणाला असो वा नसो, बीआरसीए१, बीआरसीए२ यांसारख्या, दोष असल्यास कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकांची तपासणी करावी अशी आजची शिफारस आहे. ती तपासणी आधी वडिलांची होते. त्यांच्यात दोष सापडला तरच मुलांनी जनुकीय सल्लागाराला भेटायचं.